परक्या देशातील खाते : उपकार की हक्क?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण परिचारकाचे शिक्षण घेण्यासाठी जर्मनीला निघाला होता. आदल्या संध्याकाळी घरी जपमाळेची प्रार्थना झाली, मी आशीर्वाद दिला, आईने डोळे पुसले, आणि मग अशा प्रसंगी नेहमी होते तसे उपदेशाचे सत्र सुरू झाले. आयुष्याची पंचवीस वर्षे आखातात घालवून परतलेले त्याचे काका म्हणाले, ‘‘तिकडे गेल्यावर बँकेबिंकेच्या भानगडीत वेळ घालवू नकोस. एजंट सांगेल तिथे सही कर. नाहीच जमले तर कुणा आपल्या माणसाच्या खात्यात पगार घे. परका मुलूख आहे, आपण कोण नखरे करणारे?’’ ओटीवर बसलेल्या सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. जर्मनीत पाच वर्षे सेवा करून आलेला, तेथल्या बँकेच्या काउंटरवर स्वतः फजीत झालेला मी, चहाचा कप हातात धरून गप्प बसलो. त्या मान डोलावण्याचे प्रायश्चित्त म्हणून हा लेख लिहीत आहे, असे वाचकांनी समजावे.

आठ महिन्यांनी त्या तरुणाचा फोन आला. आवाज रडवेला होता. त्याच्याच घरात राहणाऱ्या, आपल्याच देशातून आलेल्या एका मुलाने ‘माझे खाते अजून उघडलेले नाही, दोनतीन रकमा तुझ्या खात्यात घेतो, तू मला काढून दे’ अशी विनंती केली होती. आपल्या माणसाला नाही कसे म्हणायचे? रकमा आल्या, त्याने त्या इमानदारीने काढून दिल्या. त्या रकमा अनोळखी लोकांना फसवून लाटलेल्या होत्या, हे त्याला पोलिसांच्या पत्रातून कळले. बँकेने खाते गोठवले आणि पुढे बंद केले. पगार कोठे घ्यायचा? घरभाडे कसे भरायचे? दुसऱ्या दोन बँकांच्या काउंटरवरून त्याला तोंडीच वाटेला लावण्यात आले. ‘‘फादर, आता परत यावे लागेल का?’’ हा त्याचा प्रश्न होता.

येथे मला त्या मुलापेक्षा आमच्या ओटीवरच्या शहाणपणाशी भांडायचे आहे. ‘आपण कोण नखरे करणारे’ या एका वाक्यात आपली सारी मानसिकता आली. परक्या देशात जाणारा आपला माणूस स्वतःला याचक समजून विमानात बसतो. बँकेने खाते दिले तर तो तिचा उपकार, मालकाने पगार दिला तर तो त्याचा मोठेपणा! ज्याला आपण उपकार समजतो त्याच्या अटी आपण वाचत नाही, त्याची किंमत विचारत नाही. आणि जो किंमत विचारत नाही त्याला बाजार कधीच स्वस्तात सोडत नाही.

काकांचा दोष मी फार मानत नाही. ते गेले त्या काळी आखातातला रिवाजच तसा होता. मालक म्हणेल त्या बँकेत किंवा हुंडीच्या दुकानात पगार जमा व्हायचा. निवड नावाची वस्तू त्यांना कोणी दाखवलीच नाही. परंतु आपली मुले आता वेगळ्या वाटेने चालली आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये भारत व जर्मनी यांच्यात स्थलांतरविषयक करार झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, आणि सुरुवातीला दहा हजार जणांचा आकडा जाहीर झाला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे ठरवले. गावोगावी जर्मन भाषेचे वर्ग निघाले आहेत. नामांची लिंगे पाठ करून घेणारे मास्तर आहेत, परंतु तेथल्या खात्याचा करारनामा कसा वाचावा हे शिकवणारा मला तरी अजून कोणी भेटला नाही.

हे खाते किती मोलाचे आहे, हे मला माझ्या तेथल्या सेवाकाळात एका परक्या माणसाने शिकवले. सन २००६ च्या सुमारास आमच्या देवळात आफ्रिकेतून आश्रयार्थ आलेला एक गृहस्थ नियमाने मिस्साला येई. एका उपाहारगृहात तो भांडी घासत असे, आणि कामाचा परवाना त्याच्याजवळ होता. नव्हते ते फक्त बँकेचे खाते, कारण कोणतीही बँक त्याला दारात उभे करीत नव्हती. त्याचा पगार एका ओळखीच्या माणसाच्या खात्यात जमा होई आणि तो ‘ओळखीचा माणूस’ दर महिन्याला त्यातून आपला वाटा कापून उरलेले पैसे हातावर ठेवी. घरभाडे रोखीने घ्यायला घरमालक कुरकुर करी. त्याची थोडीबहुत शिल्लक आमच्या धर्मगुरुनिवासातील कपाटात, एका पाकिटात असायची. जर्मनीसारख्या देशात, विसाव्या नव्हे, एकविसाव्या शतकात! त्या वेळी तेथे कायदा नव्हता. १९९५ साली बँकांच्या संघटनेने प्रत्येकाला चालू खाते द्यावे अशी आपल्या सभासदांना शिफारस तेवढी केली होती. शिफारशीचे पुढे काय होते, ते आपल्याला ठाऊकच आहे.

कायदा पुढे आला. २०१४ मध्ये युरोपीय संघाने निर्देश काढला आणि जर्मनीत तो जून २०१६ पासून अमलात आला. संघाच्या प्रदेशात कायदेशीरपणे राहणाऱ्या कोणालाही किमान सोयींचे खाते मागण्याचा हक्क आहे. त्याला कायमचा पत्ता नसला, तो आश्रयार्थी असला, परत पाठवणे शक्य नसल्यामुळे केवळ राहू दिलेला असला, तरीही. या खात्याला तेथे ‘बाझिसकोन्टो’ म्हणतात. त्यात पैसे येतात, जातात, कार्ड मिळते, भाडे व विजेचे पैसे परस्पर वळते होतात. फक्त उधारी मिळत नाही. अर्जाचा छापील नमुना ठरलेला आहे. पूर्ण भरलेला अर्ज हाती आल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेने खाते दिले पाहिजे, अथवा तेवढ्याच मुदतीत नकाराचे कारण लेखी दिले पाहिजे. नकाराची कारणेही कायद्याने मोजून दिली आहेत. वापरता येण्याजोगे दुसरे खाते त्या देशात असणे, त्याच बँकेशी पूर्वी गंभीर गैरव्यवहार झालेला असणे, अशी ती आहेत. ‘तुमचा चेहरा आवडला नाही’ हे कारण त्यांत नाही. कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडील तुमची पाटी कोरी किंवा वाईट आहे, हेही कारण पुरेसे नाही. बँक अडून बसली तर ‘बाफिन’ या वित्तीय देखरेख यंत्रणेकडे दाद मागता येते.

हे सारे मी त्या रडवेल्या मुलाला फोनवर सांगितले. ‘‘तोंडी विचारूच नकोस,’’ म्हटले. ‘‘तो अर्ज माग, भर, दे, आणि दिल्याची पोच घे.’’ काउंटरवरच्या बाईंनी अर्ज पाहिल्याबरोबर त्यांचा सूर बदलला असे तो सांगतो. नवव्या दिवशी खाते उघडल्याचे पत्र आले. पोलिसांची चौकशी पुढे कित्येक महिने चालली आणि अखेर बंद झाली. त्या काळातली त्याची झोप मात्र त्याला कोणी परत देणार नाही.

परंतु हक्काचे खाते म्हणजे फुकटचे खाते नव्हे, हेही सांगितले पाहिजे. कायदा म्हणतो शुल्क ‘वाजवी’ असावे. वाजवी म्हणजे किती, यावर तेथे न्यायालयात लढाई झाली. एका मोठ्या बँकेने या गरिबांच्या खात्यावर महिन्याला ८.९९ युरो आणि कागदी पैसे-पाठवणीला प्रत्येकी दीड युरो लावला होता. ग्राहक संघटना सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेली, आणि जून २०२० मध्ये न्यायालयाने ही आकारणी अवाजवी ठरवली. अशा खात्यांचा जो जादा खर्च येतो तो सारा त्याच खातेदारांच्या डोक्यावर टाकता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. भांडल्याशिवाय वाजवी काही मिळत नाही, मग देश कितीही शिस्तीचा असो.

तेव्हा बाझिसकोन्टो ही मागची भिंत आहे, तिला पाठ टेकता येते. पण घर बांधायचे ते पुढच्या अंगणात, म्हणजे नीट निवडलेल्या नेहमीच्या चालू खात्यावर. त्या खात्याचे जर्मन नाव ‘झिरोकोन्टो’. या नावाने आपल्या मुलांचा मोठा घोटाळा केला आहे. झिरो ऐकले की त्यांना वाटते शून्य शिल्लक, शून्य शुल्क! शून्याशी त्याचा काही संबंध नाही. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ फिरणे, फेरा असा आहे, म्हणजे ज्यात पैसा फिरता राहतो ते खाते. शुल्क मात्र फिरून फिरून आपल्याच खिशातून जाते.

मी स्वतः त्या फेऱ्यात सापडलो होतो. तेथे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात चर्चच्या कार्यालयातील भल्या बाईंनी मला गावातल्या बँकेत नेले. समोरचा अधिकारी हसतमुख होता, कॉफी चांगली होती. मी चार कागदांवर सह्या केल्या. अडीच वर्षांनी एका तरुण सहकारी धर्मगुरूने माझे मासिक पत्रक पाहून विचारले, ‘‘दर महिन्याला अकरा युरो कशाचे? आणि हा प्रवासविमा कोणासाठी? तुम्ही प्रवास करता तो सायकलवरून!’’ सुखसोयींचे म्हणून जे खाते माझ्या गळ्यात बांधले होते त्यात मला न लागणारे कार्ड, न लागणारा विमा आणि न लागणारी मानाची पदवी यांचे शुल्क होते. ईशज्ञानाच्या पदव्या घेऊन आलेला माणूस एका पानाचा तक्ता न वाचता अडीच वर्षे दंड भरत राहिला. आज सर्व शुल्के ठरावीक शब्दांत, ठरावीक क्रमाने लिहिलेले एक माहितीपत्रक करारापूर्वी ग्राहकाच्या हाती ठेवणे युरोपात बँकांना बंधनकारक आहे. २०१८ च्या अखेरीस ही सक्ती आली. दोन बँकांची दोन पत्रके शेजारी ठेवली की खरे रूप दिसते. २०२५ पासून बाफिननेही सर्व बँकांची खाती एकत्र ताडून पाहण्याची विनामूल्य सोय केली आहे. एजंटच्या पुढ्यात सही करण्यापूर्वी अर्धा तास तिच्यासाठी काढणे जड जाऊ नये.

पाहायचे काय? ‘फुकट’ या शब्दामागची अट पाहायची. बहुधा ती अट अशी असते की दरमहा अमुक युरो पगार जमा व्हायला हवा. शिकाऊ उमेदवाराचा पगार त्याहून कमी असला किंवा आजारपणात थांबला, की फुकटचे खाते महाग होते. रोख रक्कम कोणत्या यंत्रातून मोफत निघते आणि दुसऱ्याच्या यंत्राला किती मोजावे लागतात, ते पाहायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘डिस्पो’ पाहायचा. शिल्लक संपल्यावरही बँक जी उधारी चालू ठेवते तिला हे लाडके नाव आहे. तिचा व्याजदर दहा टक्क्यांच्या वर असणे तेथे मुळीच नवलाचे नाही. पहिल्या हिवाळ्यात कोट, बूट, मित्राच्या लग्नाचा आहेर आणि घरी पाठवायचे पैसे असे सारे एकदम आले की आपली मुले या विहिरीत उतरतात. मी तर म्हणेन, खाते उघडतानाच ही उधारी नको म्हणून लिहून द्यावे.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत आणखी एक गैरसमज आहे. व्हिसासाठी जे ‘श्पेरकोन्टो’, म्हणजे कुलूपबंद खाते उघडावे लागते, तेच आपले बँक खाते असे त्यांना वाटते. सप्टेंबर २०२४ पासून वर्षाच्या खर्चासाठी ११,९०४ युरो त्यात दाखवावे लागतात, आणि तेथे पोचल्यावर महिन्याला ९९२ युरो मोकळे होतात. ते मोकळे होऊन पडणार कोठे? त्यासाठी वेगळे चालू खाते लागतेच. म्हणजे निवड टळत नाही. एजंट ती आपल्या हातून काढून घेतो इतकेच. एजंटला कोणती बँक दलाली देते हे त्याला विचारण्याचे धैर्य आपल्या पालकांनी दाखवावे. जमीन विकून पैसे उभे करणारा बाप एवढे विचारू शकत नाही?

आता माझे एक मत सांगतो. तरुण वाचक त्यावर नाक मुरडतील हे ठाऊक आहे. पहिल्या वर्षी ज्या बँकेत टेबलामागे माणूस बसलेला आहे, अशा बँकेत खाते घ्यावे. मोबाइलवर दहा मिनिटांत उघडणारी खाती स्वस्त असतात, इंग्रजीत बोलतात, हे खरे. परंतु कित्येकदा कॅमेऱ्यासमोरील ओळखपडताळणीत भारतीय पारपत्र चालत नाही. शिवाय काही बिघडले आणि खाते गोठले, तर परक्या भाषेत, पगाराच्या दिवशी, यंत्राशी भांडावे लागते. गावातल्या बँकेत निदान समोर जाऊन उभे राहता येते. वर्षभराने भाषा आली, घडी बसली, की खुशाल बदला. जुन्या बँकेतील ठरलेल्या वसुल्या नव्या बँकेकडे नेऊन देण्यास दोन्ही बँका तेथे कायद्याने बांधलेल्या आहेत. ज्यांचे खाते दुसऱ्या युरोपीय देशातील क्रमांकाचे आहे त्यांना काही घरमालक व मालक ‘जर्मन क्रमांकच हवा’ म्हणून अडवतात. हे युरोपीय नियमांविरुद्ध आहे, तसे त्यांना नम्रपणे लेखी कळवावे. तरीही पहिल्याच महिन्यात घरमालकाशी कायद्याचा वाद घालण्याची हौस कोणाला असते?

टेबलामागे माणूस बसलेल्या या बँका म्हणजे मुख्यतः दोन. एक ‘श्पारकासे’, म्हणजे नगरपालिका व जिल्ह्यांच्या छायेखालील बचत बँका. त्यांतली पहिली १७७८ मध्ये हाम्बुर्गला निघाली. दुसऱ्या सहकारी बँका, आणि येथे वसईच्या वाचकाने जरा थांबावे. एकोणिसाव्या शतकात ऱ्हाइन नदीकाठच्या खेड्यांतील कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी फ्रिडरिख विल्हेल्म राइफायझेन या सरपंचाने पतसंस्था उभारल्या. त्याचा धडा मद्रास सरकारच्या फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्याने १८९० च्या दशकात अभ्यासून हिंदुस्थानात आणावा असे सुचवले. १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा त्या वाटेने आला. १९१७ मध्ये कोलोनच्या धर्मगुरूंनी आपली स्वतःची सहकारी बँक काढली, आणि १९१८ मध्ये आपल्या वसईत, एका धर्मगुरूच्याच पुढाकाराने, बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक उभी राहिली. सावकाराच्या वहीतून आपल्या पूर्वजांना सोडवणारी कल्पना त्याच मातीतली आहे जिथे आपली मुले आज ‘आम्ही कोण नखरे करणारे’ म्हणत खाली मान घालून उभी आहेत!

‘फादरांनी बँकेच्या गोष्टी कशाला कराव्यात?’ असे म्हणणारे काही भाविक आहेत. त्यांना त्या १९१८ च्या धर्मगुरूंकडे बोट दाखवून मी मोकळा होऊ शकतो. पण त्यांनी मत्तयच्या शुभवर्तमानातील तालान्तांचा दाखलाही पुन्हा वाचावा. जमिनीत पैसा पुरून ठेवणाऱ्या चाकराला धनी काय ऐकवतो? निदान सावकारांकडे तरी ठेवायचा होतास, असे. आणि जुन्या करारात परदेशीयाला व स्वदेशीयाला एकच नियम लावण्याची आज्ञा कितीदा आली आहे! २०१६ च्या त्या कायद्यात मला तिचाच दूरचा प्रतिध्वनी ऐकू येतो, मग तो कायदा करणाऱ्यांच्या मनात तसे काही असो वा नसो.

धर्माचा विषय निघालाच आहे तर एका नाजूक गोष्टीला हात घालतो. जर्मनीत घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत नगर कार्यालयात नोंदणी करावी लागते, आणि त्या कागदावर धर्माचा रकाना असतो. ‘कॅथॉलिक’ लिहिले की चर्च-कर लागतो. बाडेन-व्युर्टेम्बर्ग व बायर्न येथे आयकराच्या आठ टक्के, इतरत्र नऊ टक्के. पगारावरचा मालक कापतो, व्याजावरचा बँक कापते. खातेदाराचा धर्म कोणता हे २०१५ पासून बँक केंद्रीय कर कार्यालयाकडून आपोआप विचारून घेते. म्हणून एजंट मुलांना सल्ला देतात, ‘रकाना मोकळा सोड.’ या सल्ल्याची मला चीड येते. हा कर पगारावर नव्हे, आयकरावर असतो. ज्या शिकाऊ मुलाला आयकरच लागत नाही त्याला हा करही लागत नाही. आणि २०२३ पासून वर्षाला एक हजार युरोपर्यंतचे व्याज, बँकेला तसा अर्ज दिल्यास, करमुक्त राहते. म्हणजे जे बहुतेकांना द्यावेच लागणार नाही ते वाचवण्यासाठी बाप्तिस्मा लपवायचा! तेथल्या पद्धतीविषयी माझे स्वतःचे मतभेद आहेत. २०१२ मध्ये तेथल्या बिशपांनी चर्चमधून सरकारदरबारी बाहेर पडणाऱ्याला संस्कारांपासून दूर ठेवणारा जो आदेश काढला, तो मला आजही कठोर वाटतो. पण नियम कठोर वाटला म्हणून पहिल्याच सरकारी कागदावर खोटे लिहावे, हे त्याचे उत्तर नव्हे.

घरच्या मंडळींनाही थोडे सुनावायचे आहे. मुलगा नोकरीसाठी बाहेर गेला की त्याचे येथले साधे बचत खाते तसेच चालू ठेवणे परकीय चलनाच्या १९९९ च्या कायद्यात बसत नाही. ते अनिवासी साधारण खात्यात बदलून घ्यावे लागते, आणि तेथल्या कमाईसाठी वेगळे अनिवासी बाह्य खाते उघडता येते. त्या दुसऱ्या खात्यातील रक्कम पुन्हा बाहेर नेता येते आणि तिच्या व्याजावर येथे कर लागत नाही. हे बँकेत जाऊन विचारायला आपल्याला वेळ नसतो. ‘पैसे कधी पाठवतोस’ हे विचारायला मात्र दर रविवारी असतो. पाठवण्याचा खर्च तर कोणी मोजतच नाही. जागतिक बँकेच्या पाहणीत दोनशे डॉलर मायदेशी पाठवण्याचा सरासरी खर्च अलीकडच्या वर्षांत सहा टक्क्यांच्या आसपास राहिला आहे, आणि राष्ट्रसंघाने २०३० पर्यंतचे उद्दिष्ट तीन टक्क्यांचे ठरवले आहे. ‘शुल्क शून्य’ अशी पाटी लावणारा बहुधा विनिमयाच्या दरात आपला वाटा काढून घेतो. त्या दिवशीचा बाजारातला दर आणि हाती पडलेले रुपये यांची वजाबाकी केली की तो वाटा दिसतो.

आणि दुसऱ्याचे खाते वापरणे, आपले वापरू देणे? याबाबतीत मला कोणतीही सवलत मान्य नाही. जर्मन कायद्यात काळा पैसा पुढे सरकवणे हा गुन्हा आहेच, पण त्यातला अक्षम्य निष्काळजीपणाही गुन्हा आहे. ‘मला ठाऊक नव्हते’ एवढे म्हणून सुटका होत नाही. आफ्रिकेच्या त्या गृहस्थाला दुसऱ्याच्या खात्याचा आसरा घ्यावा लागला तेव्हा कायद्याने त्याला दुसरी वाट ठेवली नव्हती. आज वाट आहे. जो ‘माझे खाते नाही, तुझे दे’ म्हणतो त्याच्या हातात तो अर्ज ठेवावा. दहा दिवस थांबण्याची ज्याची तयारी नाही, त्याचे काम खात्यावाचून अडलेले नाही, ते दुसऱ्याच्या नावावाचून अडलेले आहे.

काकांना मी अलीकडे भेटलो. पुतण्याची हकीकत त्यांच्या कानावर आलीच होती. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘फादर, आम्हाला कोणी विचारलेच नव्हते हो, कुठली बँक पाहिजे म्हणून.’’ यावर मला उत्तर सुचले नाही.

येत्या महिन्यात आमच्या धर्मग्रामातून आणखी दोघी मुली श्टुटगार्टला निघाल्या आहेत. त्यांच्या आईवडिलांना मी रविवारच्या मिस्सानंतर कार्यालयात बोलावले आहे. एजंटने सह्या घेतलेले सर्व कागद, न समजलेलेसुद्धा, बरोबर आणण्यास सांगितले आहे. चष्मा मी पुसून ठेवला आहे.